उरलंसुरलं

स्वयंपाक करणाऱ्या माणसाला दोन गोष्टींची धास्ती असते. कमी पडण्याची आणि उरण्याची. यातली पहिली धास्ती पिढीजात आहे, तिच्यापुढे दुसरीचं काही चालत नाही. म्हणून कुकर लावताना तांदळाच्या डब्यातून बाहेर आलेला हात पुन्हा आत जातो आणि 'असू दे मूठभर' म्हणत आणखी एक मूठ पातेल्यात पडते. ही मूठ अचानक टपकणाऱ्या पाहुण्याची. वास्तविक आता पाहुणा अचानक येतच नाही. तो आधी मेसेज करतो, मग फोन करतो, मग सोसायटीच्या गेटवरून वॉचमन विचारतो की वर सोडू का. आणि वर आल्यावर दारातच चपला काढता काढता सांगतो, "मी जेवूनच आलोय हं." तरी त्याच्या वाटणीचा भात घरोघरी रोज शिजतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोडणी देऊन घरचेच खातात.

त्या भाताचं, डब्यात राहिलेल्या पोळ्यांचं आणि कढईच्या तळाशी उरलेल्या चार चमचे भाजीचं काय करावं, एवढाच या लेखाचा विषय. उरलेल्या अन्नाच्या पाककृती मोबाइलवर ढिगाने मिळतात हे मला माहीत आहे. उरलेल्या पोळ्यांचा पिझ्झा, उरलेल्या खिचडीची कटलेटं, उरलेल्या इडलीचं मांचुरियन. दोन पोळ्या वाया जाऊ नयेत म्हणून चीज, मक्याचे दाणे, तीन रंगांच्या ढोबळ्या मिरच्या आणि शेजवान चटणीची बाटली आणायची, ओव्हन तापवायचा आणि शेवटी पिझ्झाचा तुकडा उचलून मुलाने म्हणायचं, "खाली पोळी आहे का?" या उद्योगात नेमकं काय वाचलं ते कुणी सांगत नाही. माझ्या घरचा दंडक सोपा आहे. उरलेल्याला नवं रूप द्यायला जे लागेल ते घरातच असलं पाहिजे आणि पंधरा मिनिटांत ताट वाढून झालं पाहिजे. त्यासाठी पिशवी घेऊन खाली उतरायची वेळ आली, तर ते उरलेलं तसंच गरम करून खावं.

मूठ आवरा

सर्वात चांगलं शिळं अन्न म्हणजे न उरलेलं अन्न, हे कबूल. पण त्यासाठी माप लागतं आणि मापाचं नाव काढलं की आपल्याकडच्या सुगरणी दुखावतात. 'हाताला कळतं' हे त्यांचं म्हणणं. हाताला कळतं हे खरं, पण हाताला दहा माणसांचं कळत असतं आणि घरात आता तीन माणसं जेवतात. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली 'रुचिरा'मध्ये वाटी-चमच्याची मापं दिली आणि नव्याने ओट्यापाशी उभ्या राहिलेल्या कितीतरी मुलींची सुटका केली. आपण त्या मापांनी पुरणपोळी करतो, चकली करतो. रोजचा भात मात्र अजून मुठीने.

तेव्हा एक वाटी ठरवा आणि ती तांदळाच्या डब्यातच ठेवा. कुणी आमरसाला घेतली तर परत मागून घ्या. एक वाटी तांदळाचा साधारण तीन वाट्या भात होतो. ताटात पोळी-भाजी असेल तर माणशी पाव वाटी तांदूळ पुरतो, कुणी भातखाऊ असेल तर त्याला अर्धी धरा. नुसत्या मुगाच्या खिचडीवर जेवण असेल, तर डाळ-तांदूळ मिळून माणशी पाऊण वाटी. एवढं पाळलं की पाहुण्याची मूठ आपोआप बंद होते. पाहुणा खरोखरच आला तर पोहे आहेत, आणि तो तसाही जेवूनच आलेला असतो.

पोळ्यांचं गणित वाटीने सुटत नाही, कारण तिथे माणसांशी गाठ आहे. "किती पोळ्या खाशील?" या प्रश्नाला आमच्या घरी "बघू" आणि "भूक नाहीये फारशी" अशी दोन उत्तरं मिळतात. "बघू" म्हणणारा दोन खातो. भूक नसलेला चार खातो, किंवा मित्राचा फोन येतो आणि तो बाहेर वडापाव खाऊन येतो. म्हणून पोळ्या मोजून लाटा आणि उरलेली कणीक तशीच राहू द्या. तिला तेलाचं बोट लावून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवली की दुसऱ्या दिवशीपर्यंत चांगली राहते. वरून थोडी काळपट दिसेल, त्याने बिघडत नाही. लाटलेल्या पोळीचे पुढचे मार्ग मोजके असतात, कणकेच्या गोळ्याला ते जास्त असतात. कालचं वरणही उरलं असेल तर प्रश्नच मिटला. वरण पातळ करून त्याला हिंग-मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, चिंच, गूळ आणि गोडा मसाला घाला, उकळी आली की जाडसर पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे कापलेले तुकडे एकेक करून सोडा, आणि दहा-बारा मिनिटं शिजू द्या. विदर्भात ही वरणफळं, पश्चिम महाराष्ट्रात चकोल्या. वर साजूक तूप सढळ हाताने. कालच्या दोन गोष्टींचं हे जेवण आहे हे खाणाऱ्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. सांगू नका.

ओट्यावरून फ्रिजपर्यंत

उरलेलं अन्न बिघडतं ते बहुतेक वेळा फ्रिजमध्ये जायच्या आधी. जेवणं साडेनऊला उरकतात, मग मालिका, मग फोन, मग "अगं, ते झाकून ठेवलंस का?" हा प्रश्न अंथरुणातून. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये, आणि नागपूर-जळगावच्या मे महिन्यात तर तासाभराच्या वर नको. गरम पातेलं फ्रिजमध्ये ठेवू नये, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलोय. त्यात तथ्य इतकंच की भलंमोठं वाफाळतं पातेलं आत ठेवलं की शेजारचं दूध-दहीही कोमट होतं. पण म्हणून भात पूर्ण गार होईस्तोवर वाट पाहत बसलात तर पातेल्याच्या मध्यभागी तो दोन-तीन तासांनंतरही कोमटच असतो. परातीत किंवा ताटात पसरा, पंख्याखाली अर्धा तास ठेवा, आणि उथळ डब्यात भरून आत ढकला. फ्रिजमधलं तापमान ५ अंशांच्या आत हवं. दार नीट लागत नसेल, किंवा लग्नाच्या मांडवासारखी आत गर्दी केली असेल, तर त्या फ्रिजचं नुसतं कपाट होतं.

भाताबद्दल जरा जास्त बोलायला हवं. तांदळात 'बॅसिलस सीरियस' नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते भात शिजतानाच्या उकळीतही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष सकाळच्या खमंग फोडणीने नष्ट होत नाही, कितीही लसूण घातलात तरी. परिणाम उलट्या, पोटात कळा, जुलाब. म्हणून भात गार झाल्या झाल्या फ्रिजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी संपवून टाकायचा. तिसरा दिवस भाताला नाही.

हे मी घरात सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, आम्ही रात्रीचा भात सकाळी खाऊनच मोठे झालो की."

"हो आई, पण तुम्ही रात्रीच त्यात ताक किंवा पाणी घालून शिंकाळ्यावर ठेवत होता, आणि उठल्याउठल्या न्याहरीला खात होता. आपण तो दुपारी अकराला गरम करतो."

"ते मात्र खरं," त्या म्हणाल्या, आणि मग शिंकाळं कुठल्या माळ्यावर आहे याचा शोध सुरू झाला. माझं म्हणणं एवढंच की 'आजवर काही झालं नाही' हा पुरावा कच्चा आहे. पोट बिघडलं की आपण सगळा दोष कोपऱ्यावरच्या पाणीपुरीवाल्याच्या नावावर टाकतो. घरच्या भाताला तपासायचं आपल्या मनातही येत नाही.

आता डबे. मराठी फ्रिजमध्ये श्रीखंडाचा डबा असतो आणि त्यात श्रीखंड नसतं. वाटण असतं, ठेचा असतो, भिजवलेले हरभरे असतात, एकदा तर मेंदी होती. मोठ्या आशेने झाकण उघडणारी मुलं यातून लवकर प्रौढ होतात. पण उरलेलं अन्न असल्या डब्यात ठेवू नये, कारण आत काय आहे ते दिसत नाही आणि जे दिसत नाही ते उघडलं जात नाही. स्टीलच्या डब्याचंही तेच. काचेचा किंवा पारदर्शक झाकणाचा डबा घ्या, तो मधल्या फळीवर डोळ्यांसमोर ठेवा, आणि झाकणावर कागदी चिकटपट्टी लावून वार लिहा. 'मंगळवार, फ्लॉवर'. शुक्रवारी तो डबा हातात आला की वाद घालायला जागाच राहत नाही. भाजी, उसळ, आमटी तीन दिवस धरा, फार तर चार. मासे आणि चिकन दुसऱ्या दिवशी संपवलेलं बरं.

फ्रिजमधल्या भाजीचा एक प्रवास तुमच्याही घरी होत असेल. कढईतून ती पातेलीत येते, पातेलीतून वाडग्यात, वाडग्यातून वाटीत, आणि शेवटी एवढ्याशा वाटीत चमचाभर भेंडी झाकण घालून बसलेली असते. ही चमचाभर भेंडी कुणाला नको असते म्हणून उरत नाही. जो शेवटचा घास खाईल त्याने भांडं घासायला टाकायचं, असा अलिखित कायदा असल्यामुळे प्रत्येक जण एक घास मागे ठेवून सभ्यपणे उठतो. यावर उपाय दुष्ट आहे पण चालतो: चार चमच्यांपेक्षा कमी उरलं तर ते फ्रिजमध्ये जाणार नाही, टेबलावरच संपणार. त्याचा एकदा जाहीर ठराव करून टाका.

फोडणीची पोळी

आता खऱ्या विषयाकडे येऊ. कुस्करा म्हणा, पोळीचा चिवडा म्हणा, माणिकपैंजण म्हणा, कुणाकडे तिला मनोहराही म्हणतात. उरलेल्या पोळीचं आजवर जे काही केलं गेलं त्यात याच्यापुढे गेलेलं मी काही खाल्लेलं नाही. आणि एवढी सोपी गोष्ट बिघडवायच्या तऱ्हाही आहेत.

पहिली तऱ्हा मिक्सर. मिक्सरमध्ये पोळीचं पीठ होतं, आणि पाण्याचा हबका बसला की त्या पिठाचा गोळा होतो. पोळी हातानेच कुस्करायची. काही तुकडे बोटाच्या पेराएवढे, काही ज्वारीच्या दाण्याएवढे, थोडा चुरा. हे एकसारखे नसणंच हवं असतं. मोठे तुकडे मऊ राहतात, बारीक चुरा तेल पिऊन कुरकुरीत होतो. हे काम घरातल्या सर्वात रागावलेल्या माणसाला द्यावं.

पोळी कालची हवी, ताजी चालत नाही, ती लगदा होते. पण ती फ्रिजमधलीही नको. पिठूळ पदार्थातला स्टार्च गार झाला की पुन्हा घट्ट बसतो आणि हे काम फ्रिजच्या थंडीत सर्वात झपाट्याने होतं, म्हणून फ्रिजमधली पोळी चामड्यासारखी वातड लागते. पोळ्या स्वच्छ कापडात गुंडाळून डब्यातच ठेवा आणि सकाळी वापरा. पावसाळ्यात मात्र वाट बघू नका. कोंदट हवेत डब्यातल्या घड्यांमध्ये बुरशी लवकर धरते, आणि ती आतल्या घडीत असते, वरून दिसत नाही. प्रत्येक पोळी उलगडून पाहा.

चार पोळ्यांना दोन मोठे चमचे तेल लागतं. यात काटकसर केली तर पदार्थ घशाला बसतो. तेल तापलं की मोहरी, ती तडतडली की जिरं, मग मूठभर शेंगदाणे. ते तांबूस होऊ द्या. नंतर हिंग, कढीपत्ता, दोन-तीन हिरव्या मिरच्या, बारीक चिरलेला कांदा. कांदा पारदर्शक झाला की हळद, चिमूटभर साखर आणि मीठ. मीठ इथेच, कांद्यावर. कोरड्या कुस्कऱ्यावर वरून भुरभुरवलं तर ते विरघळत नाही आणि एक घास अळणी, एक खारट लागतो. पोळीत आधीच मीठ असतं, हे ध्यानात ठेवून घाला. आता कुस्करा घालून खालीवर करा, हाताने पाण्याचा एक हबका मारा, झाकण ठेवा, मंद आचेवर तीन-चार मिनिटं वाफ येऊ द्या. मग झाकण काढायचं आणि हात मागे बांधून उभं राहायचं. शेवटची दोन मिनिटं अजिबात ढवळायचं नाही. तळाशी जो खरपूस थर धरतो त्यासाठी आमच्याकडे भांडणं होतात, आणि ती व्हावीत. वर लिंबू, कोथिंबीर, असेल तर ओलं खोबरं. सोबत दही किंवा चहा. दोन्ही एकदम नको.

गोडाचं मन असेल तर कुस्कऱ्यात किसलेला गूळ आणि पातळ केलेलं तूप घालून लाडू वळा. त्याला विस्तव लागत नाही, आणि शाळेतून भुकेने पिसाळून आलेल्या मुलाला तो दारातच हातावर ठेवता येतो.

भाताची गोष्ट पोळीच्या उलट आहे. स्टार्च घट्ट बसल्यामुळे फ्रिजमधल्या गार भाताचे दाणे सुटे होतात, म्हणून फोडणीचा भात गारच भाताचा चांगला होतो. आधी हाताला तेल लावून तो मोकळा करा, म्हणजे कढईत डाव मारून मारून त्याची पेस्ट करावी लागत नाही. कांदा घाला किंवा लसूण-लाल तिखट घाला, दोन्हीची पंगत एकत्र नको. भात चांगला वाफाळेपर्यंत परता, नुसता कोमट करून वाढू नका.

ज्वारीच्या शिळ्या भाकरीला तर फोडणीचीही गरज नाही. चुरून ताक घाला, मीठ, ठेचलेला लसूण, हवं तर कच्चा कांदा. मराठवाड्यात भाकरीचे कुटके करून फोडणीला टाकतात, तेही झकास. एरवी "भाकरी? नको" म्हणणारी माणसं हेच हॉटेलात मातीच्या भांड्यात मिळालं की फोटो काढतात.

आमटीबद्दल मी तुम्हाला काही शिकवायची गरज नाही. चिंच-गुळाची आमटी दुसऱ्या दिवशी मुरते आणि आदल्या दिवसापेक्षा चांगली लागते, यावर महाराष्ट्रात मतभेद नाहीत. गोव्यात तर 'कालची कडी' ही न्याहरीची ठरलेली गोष्ट. रात्रीचं माशाचं नारळातलं कालवण सकाळी मंद आचेवर आटवून दाट करायचं आणि पावाबरोबर पुसून खायचं. त्यासाठी काही लोक रात्री मुद्दाम जास्त करतात, म्हणजे त्याला उरलेलं म्हणावं की नाही इथपासून प्रश्न आहे. दोन गोष्टी तेवढ्या सांभाळा. आंबट आमटी कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नका. पितळेत ती कळकते आणि ती चव कुठल्याही मसाल्याने झाकत नाही. आणि गरम करायची तेव्हा हवी तेवढीच काढून, चांगली खळखळून उकळा. पुन्हा पुन्हा तेच पातेलं गरम-गार करू नका.

राहिला थालिपिठाचा मार्ग. भाजणीत कोणतीही भाजी, उसळ, वरण, भात खपतो, आणि म्हणूनच या पदार्थाचा गैरवापर फार होतो. मेथी, छोले, दहीभात आणि दुपारचा उपमा यांना एका परातीत कोंबून त्यावर तीळ लावले की ते थालीपीठ होत नाही. एका वेळी कालच्या दोनच गोष्टी घ्या, त्या एकमेकींच्या ओळखीच्या असू द्यात, आणि त्यांचं प्रमाण भाजणीच्या निम्म्यावर नेऊ नका, नाहीतर उलटताना तव्यावर तुकडे होतात. त्यांच्यात मीठ-तिखट आधीच आहे, त्या हिशेबाने वरचं घाला. आणि जाता जाता दुधाचं: ते नासलं तर पनीर काढून घ्या आणि नासकवणीत पोळ्यांची कणीक मळा, मऊ होतात. अट इतकीच की दूध तापवताना फुटलेलं असावं. कडू वास येत असेल तर तो सगळा कारभार मोरीत.

टाकायचं कधी

घरात अन्न विटलंय की नाही हे ठरवायला समिती बसते. डबा उघडला जातो, एक जण वास घेतो, भुवई उंचावतो आणि काही न बोलता डबा पुढच्याकडे देतो. दुसरा वास घेऊन म्हणतो, "मला तर ठीक वाटतोय." तिसरा चमच्याने थोडं जिभेवर ठेवून बघतो. हा तिसरा माणूस आपल्या घरात सहसा आई असते. हे चाखणं बंद करा. तार सुटली, फेस आला, आंबूस वास आला, झाकणाला आतून बुरशी लागली, की मतदान घ्यायचं नाही. आणि वास न येणारं अन्नही बिघडलेलं असू शकतं, भाताच्या विषाला वास नसतो. म्हणून डब्यावरचा वार पाहायचा आणि मुदत उलटून गेली असेल तर टाकायचं. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा वयस्क माणसं असतील तर शंकेचा फायदा डब्याला देऊ नका. बुरशी आलेल्या पोळीचा तेवढा भाग काढून बाकीची खाणं ही काटकसर नव्हे. बुरशीचे धागे दिसतात त्याहून आत गेलेले असतात.

आणखी एक सांगते, थोडं कडवट वाटेल. टाकवत नाही म्हणून तिसऱ्या दिवशीची भाजी घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या हातात ठेवायची पद्धत अजून आहे, आणि वर 'वाया जायला नको' हे पुण्य. आपण जे आज खाणार नाही ते दुसऱ्याला द्यायचं नाही. द्यायचंच असेल तर स्वयंपाक झाल्या झाल्या ताजं, डब्यात भरून, आणि "मावशी, नेता का?" असं विचारून द्या. त्यांना नको असेल तर तो त्यांचा अधिकार. खराब झालेल्याची जागा ओल्या कचऱ्याच्या टोपलीत आहे, गच्चीत खताचा ड्रम असेल तर फारच उत्तम.

कुणाच्या ताटात

इतकं सगळं करून झालं की खरा प्रश्न उरतो: हे खाणार कोण? बहुतेक घरांत याचं उत्तर ठरलेलं आहे. नवऱ्याला गरम पोळी, मुलांना गरम पोळी, सासऱ्यांना तर तव्यावरून थेट ताटात. आणि स्वयंपाक करणारी म्हणते, "तुम्ही घ्या ताजं, मी कालचं संपवते." हे ती इतक्या सहज म्हणते की ऐकणाऱ्याला ती तिची आवड वाटते. माझ्या ओळखीत अशा बायका आहेत ज्यांनी आपल्याच हातची भाजी पहिल्या दिवशी फारशी खाल्लेलीच नाही. दुसऱ्या दिवशी ओट्यापाशी उभ्या उभ्या, पातेल्यातूनच. वरची सगळी मापं, डबे, वार आणि फोडण्या त्यांच्या एकटीच्या ताटासाठी असतील तर मला त्यात काही रस नाही.

श्रावणात शिळासप्तमी येते. ज्या घरांत ती पाळतात तिथे आदल्या दिवशी रांधून ठेवतात, सप्तमीला चूल पेटत नाही आणि सगळं घर गारढोण जेवतं. त्या दिवशी कर्त्या पुरुषाच्या ताटातही कालचीच पुरी असते आणि तो मुकाट्याने खातो, वर तिची तारीफही करतो. एक दिवस जमतं ते एरवीही जमायला हरकत नसावी.

आमच्याकडे हे असं चालतं. कालची भाजी गरम करून टेबलाच्या मधोमध पहिली येते, ताजी नंतर. कालचीतली प्रत्येकाच्या ताटात एकेक चमचा पडते, वाढणाऱ्याच्याही. कालच्या दोन पोळ्या असतील तर त्यांचे चतकोर करून सगळ्यांना. पहिला आठवडा "हे कालचं आहे का?" हा प्रश्न येतो. "हो," एवढंच म्हणायचं, स्पष्टीकरण द्यायचं नाही. नंतर एक गंमत होते. कालचं आपल्याही ताटात येणार हे कळलं की "किती पोळ्या?" या प्रश्नाला "बघू" हे उत्तर येईनासं होतं. मंडळी नेमका आकडा सांगतात आणि तेवढ्या खातात. मुलगा तर आता कुकर लावताना मागे उभा राहून म्हणतो, "आई, वाटीने घे हं."

तर आज रात्री वाढायला तुम्ही बसाल किंवा उभ्या राहाल, तेव्हा फ्रिजमधला तो मधल्या फळीवरचा डबा आधी बाहेर काढा, आणि त्यातला पहिला चमचा स्वतःच्या ताटात वाढू नका.